कण्हेरीचे बेट

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची आहे, तुम्ही अमेरिकेस जाऊन आलात, तेव्हा एक प्रवासवर्णन द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मी होकार देऊन बसले. लिहावयास घेतले तेव्हा लक्षात आले की, सांगण्यासारखे प्रवासवर्णन माझ्यापाशी नाहीच. विमानात काय खाल्ले, मुलीच्या घरी भांडी घासण्याचे यंत्र कसे आहे, दुकाने केवढाली असतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. आपल्यापैकी निम्म्या भगिनी मुलाकडे नाही तर मुलीकडे जाऊन आल्या आहेत. म्हणून त्या सगळ्याला फाटा देऊन मी एका गावाची हकीकत सांगणार आहे. ते गाव बेटावर आहे, समुद्रकाठी हवा खावयास जाण्याचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा इतिहास ऐकताना मला सारखी आपल्या मंडळाची आठवण होत होती.

तिचे कारण आधी सांगते. गेल्या वार्षिक सभेत एका तरुण भगिनीने उठून विचारले होते, "इतक्या वर्षांत मंडळाने केले काय? हळदीकुंकू, भोंडला, सहल आणि पाककृतींची स्पर्धा, एवढेच ना?" सभेत कुजबूज झाली, चहा आला आणि विषय तेथेच राहिला. मलाही त्या मुलीचा राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा समजले की, राग तिच्या प्रश्नाचा नव्हता. मला उत्तर देता आले नाही, ह्याचा होता.

त्यानंतर चार महिन्यांनी मी मुलीकडे ह्यूस्टनला गेले. एका रविवारी ती म्हणाली, "आई, चल, तुला समुद्र दाखवून आणते." तास-सव्वातास मोटारीने गेल्यावर एक लांबलचक पूल लागला, आणि पूल उतरताच गॅल्व्हस्टन. टेक्सास संस्थानच्या किनाऱ्याला लागून, मेक्सिकोच्या आखातात हे बेट आहे. लांबीला सुमारे त्रेचाळीस किलोमीटर, आणि रुंदीला कोठेही पाच किलोमीटरांहून अधिक नाही. डोंगर नाही, खडक नाही, सगळी वाळू. समुद्राचे पाणीसुद्धा निळे नव्हे, आपल्या जुहूसारखे मातकट. खरे सांगावयाचे तर मी थोडी हिरमुसलेच. मग माझे लक्ष रस्त्याच्या कडेला गेले. जिकडे पाहावे तिकडे कण्हेर! पांढरी, गुलाबी, लाल, पिवळसर. घरांच्या कुंपणांना, रस्त्यांच्या मध्यावर, दुकानांपुढे कण्हेरच कण्हेर. आपल्याकडे देवाच्या परडीत असते तीच. एवढ्या दूरच्या परक्या गावी ती पाहून मला एकदम माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. त्या गावाला 'कण्हेरीचे शहर' असेच म्हणतात, असे मुलीने सांगितले. ती कण्हेर तेथे कशी आली आणि कशी टिकली, हे विचारता विचारता सगळा इतिहास उलगडत गेला.

ह्या बेटावर मूळची वस्ती कारांकावा नावाच्या आदिवासींची. मासे, शिंपले आणि कंदमुळे ह्यांवर ते राहत. १५२८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात काबेसा दे व्हाका नावाचा एक स्पॅनिश गृहस्थ व त्याचे सोबती तराफा फुटून ह्याच किंवा ह्याच्या लगतच्या एका बेटावर येऊन पडले. थंडीने कुडकुडणाऱ्या त्या परक्यांना आदिवासींनीच जागोजागी शेकोट्या पेटवून ऊब दिली. स्पॅनिशांनी मात्र बेटाचे नाव ठेवले 'दुर्दैवाचे बेट'. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस एका स्पॅनिश नकाशाकाराने शेजारच्या खाडीला गाल्वेझ ह्या आपल्या व्हाइसरॉयचे नाव दिले, त्यावरून गॅल्व्हस्टन हे नाव आले. १८१७ पासून चार वर्षे जाँ लाफित ह्या चाच्याने येथे ठाण मांडले होते. अमेरिकन आरमाराने त्याला घालवून दिले, तेव्हा जाताना त्याने आपली वस्ती जाळून टाकली. आजच्यासारखे शहर वसले ते १८३८ साली. मेनार्ड नावाच्या व्यापाऱ्याने व त्याच्या भागीदारांनी जमीन घेतली, रस्ते आखले आणि भूखंड विकावयास सुरुवात केली.

कण्हेर आली ती १८४१ साली. ऑस्टरमन नावाचे एक व्यापारी जमैकाहून परतताना गलबतावर कुंड्यांतून कण्हेरीची रोपे घेऊन आले व ती त्यांनी आपल्या बायकोला आणि मेहुणीला दिली. मेहुणीने ती अंगणात लावली. इतर झाडे खाऱ्या वाऱ्याने करपून जात, कण्हेर मात्र वाळूतही तग धरून राहिली. मग काय, एकीने दुसरीला फांदी द्यावी, दुसरीने तिसरीला. आपल्याकडे विरजण आणि कढीलिंबाची रोपे जशी घरोघर जातात, तशी ती गावभर झाली.

गाव श्रीमंत झाले ते बंदरामुळे. टेक्सासचा कापूस येथून जगभर जाई. पेढ्या, वखारी, कचेऱ्या ह्यांनी गजबजलेल्या स्ट्रँड नावाच्या रस्त्याला नैऋत्येची वॉल स्ट्रीट म्हणत. ह्या श्रीमंतीत गुलामांचा घाम होता, हेही सांगितले पाहिजे. अध्यक्ष लिंकन ह्यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १८६३ च्या पहिल्या जानेवारीस काढला. परंतु टेक्सासमध्ये त्याचा अंमल होण्यास अडीच वर्षे लागली. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर ह्यांनी गॅल्व्हस्टन येथे हुकूम काढला, तेव्हा कोठे टेक्सासमधील गुलामांना स्वातंत्र्य मिळाल्याचे जाहीर झाले. तो दिवस कृष्णवर्णी लोक पिढ्यान्‌पिढ्या सणासारखा पाळीत आले, आणि २०२१ पासून ती साऱ्या अमेरिकेची राष्ट्रीय सुटी झाली आहे.

पैसा आला की मौज आलीच. किनाऱ्यावर स्नानगृहे उभी राहिली, तेथपर्यंत ट्राम गेली. १८८३ साली ऐन वाळूवर बीच हॉटेल नावाचे अवाढव्य लाकडी हॉटेल बांधण्यात आले. ते १८९८ साली आगीत जळून गेले, पण हवा खावयास येणाऱ्यांची रीघ काही थांबली नाही. १९०० सालच्या शिरगणतीत गावची वस्ती ३७,७८९ भरली. आणि एवढ्या माणसांचे ते गाव समुद्रापासून किती उंच होते? सर्वांत उंच जागासुद्धा नऊ फुटांच्या आत होती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. त्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचे दुसरे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडून काढले, ते पुन्हा उभे राहिले, आणि १८८६ च्या वादळाने असे पुसून टाकले की लोक ते सोडूनच गेले. ते पाहून गॅल्व्हस्टनमध्ये समुद्राला भिंत घालण्याची भाषा झाली. पण एवढा खर्च कोणी करावयाचा, आणि इतकी वर्षे काही झाले नाही ते आताच कसे होईल, असे म्हणत ती गोष्ट मागे पडली. उलट गावातील सखल जागा भरण्यासाठी किनाऱ्यावरचे वाळूचे उंचवटे खणून नेण्यात आले. समुद्राला अडविणारे जे काही निसर्गाने दिले होते, तेही गेले. सरकारी हवामानखात्याचे तेथील अधिकारी आयझॅक क्लाइन हे मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनीच १८९१ साली वर्तमानपत्रात लेख लिहून, मोठ्या वादळाने गॅल्व्हस्टनचे भारी नुकसान होईल ही भीती निव्वळ वेडगळपणाची आहे, असे सांगितले होते. जाणत्याने धीर दिल्यावर लोक निर्धास्त झाले.

१९०० च्या सप्टेंबरात क्यूबावरून एक वादळ निघाले. ते टेक्सासकडे जाईल असे क्यूबातील निरीक्षकांचे म्हणणे होते; वॉशिंग्टनच्या हवामानखात्याचा समज असा की, ते फ्लोरिडाकडे वळेल. ८ सप्टेंबर, शनिवारचा दिवस. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, तरीही समुद्र चढत होता, हीच मोठी विलक्षण गोष्ट होती. मुले आणि मोठी माणसे मोठमोठ्या लाटा पाहावयास किनाऱ्यावर गेली. दुपारपर्यंत स्नानगृहे कोसळली आणि मुख्य भूमीकडे जाणारे पूल निकामी झाले. पळून जावयास वाट उरली नाही. रात्री पंधरा फुटांहून अधिक पाणी चढले. लाटांनी किनाऱ्याकडची घरे मोडली आणि त्यांचेच वासे, तुळया व फळ्या पुढच्या ओळीवर आदळून ती घरेही पाडली. अशी सुमारे ३,६०० घरे गेली. शेवटी त्या ढिगाऱ्याचाच एक उंच बांध तयार झाला आणि त्याच्या आडोशाने उरलेले गाव वाचले.

गावाबाहेर किनाऱ्यावर जोगिणींनी चालविलेला एक अनाथाश्रम होता. त्यात ९३ मुले आणि दहा जोगिणी होत्या. पाणी आत शिरू लागले तेव्हा जोगिणींनी मुलांना वरच्या मजल्यावर नेले आणि कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आणवून प्रत्येकीने सहा-सहा, आठ-आठ मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. मुलांना धीर यावा म्हणून त्या स्तोत्रे म्हणत राहिल्या. इमारत पडली. तीन मोठे मुलगे एका झाडाला धरून वाचले. बाकी सारे गेले. सापडली तेव्हाही कित्येक मुले त्या दोरीने जोगिणींशी बांधलेलीच होती. तो फलक वाचताना मी आणि माझी मुलगी, दोघींच्याही तोंडून शब्द निघेना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री हीच मुलगी मला जिन्यात पोटाशी धरून बसावे लागले होते, हे आम्हां दोघींनाही आठवले. आपल्यापैकी अनेकींना ती रात्र आठवत असेल.

गॅल्व्हस्टन शहरात त्या एका रात्री निदान सहा हजार माणसे दगावली. कित्येक अंदाज आठ हजारांपर्यंत जातात, आणि आसपासचा प्रदेश धरून बारा हजारही सांगतात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने इतके बळी दुसऱ्या कोणत्याही वेळी घेतले नाहीत. क्लाइन स्वतः वाचले, त्यांच्या तिन्ही मुली वाचल्या. पण त्यांची गरोदर पत्नी गेली.

एवढे मृतदेह पुरावयाचे कोठे? जमीन सगळी पाण्याने भिजलेली. प्रेते पडावावर चढवून समुद्रात नेऊन सोडली. लाटांनी ती परत किनाऱ्यावर आणून टाकली. हे काम करावयास कृष्णवर्णी पुरुषांना बंदुकीच्या धाकाने लावण्यात आले होते. मग जेथे प्रेत सापडेल तेथेच चिता रचून जाळू लागले. आपल्याकडे दहन हाच संस्कार आहे, म्हणून आपणांस त्यात काही वाटणार नाही. परंतु त्यांच्यात देह पुरावयाचा असतो. नाव न विचारता, प्रार्थना न म्हणता आपल्या माणसाला असे जाळावे लागले, हे दुःख त्या गावाच्या मनात फार दिवस राहिले.

मदतीला अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन स्वतः आल्या. त्यांचे वय त्या वेळी ७८ होते! त्या वयात आपण गुडघे दुखतात म्हणून एक जिना चढावयास कुरकुरतो. त्या दोन महिने राहिल्या. अन्न, कपडे आणि लाकूड ह्यांची व्यवस्था तर त्यांनी पाहिलीच. शिवाय आसपासच्या शेतकऱ्यांचे पीक खाऱ्या पाण्याने बुडाले होते, त्यांच्यासाठी पंधरा लाख स्ट्रॉबेरीची रोपे आणवून वाटली. नुसते दान देऊन भागत नाही, पुढच्या हंगामाची सोय करावी लागते, हे त्या बाईंना बरोबर ठाऊक होते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिकडे येते. वादळानंतर सहा महिन्यांनी, १९०१ च्या मार्च महिन्यात, गॅल्व्हस्टनमधील बायकांनी एक मंडळ काढले. 'स्त्रियांचे आरोग्यरक्षक मंडळ' असे त्याचे नाव आपल्या भाषेत होईल. त्यांचे पहिले काम कोणते असावे? घाईघाईने उथळ खड्ड्यांतून पुरलेली, अजूनही इकडेतिकडे राहिलेली प्रेते पुन्हा नीट दफन करविणे! हे काम कोणी त्यांना सांगितले नव्हते. पुरुषमंडळी बंदर, व्यापार, कर्ज आणि नगरपालिकेची नवी घटना ह्यांच्या विचारात होती. तीही कामे मोठीच होती. पण मेलेल्या माणसाचा मान राखणे, हे राहून गेलेले काम बायकांच्या नजरेस आले.

त्याच सुमारास पुरुषांनी जे केले, तेही थोडेथोडके नव्हते. तीन इंजिनिअरांची समिती नेमण्यात आली. तिच्यात हेन्री रॉबर्ट नावाचे सैन्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. सभा कशी चालवावी, सूचना कोणी मांडावी, अनुमोदन कसे द्यावे, ह्याचे नियम सांगणारे अमेरिकेतील सुप्रसिद्ध पुस्तक ह्याच गृहस्थांचे. ते १८७६ साली निघाले. तरुणपणी त्यांना एका गोंधळलेल्या सभेचे अध्यक्षस्थान घ्यावे लागले आणि फार फजिती झाली, म्हणून त्यांनी ते लिहिले. आपल्या वार्षिक सभेत तिघी-तिघी एकाच वेळी बोलू लागतात, तेव्हा मला ह्या रॉबर्टसाहेबांची आठवण येते! असो. समितीने दोन कामे सांगितली. पहिले, समुद्राला भिंत. दुसरे, सगळे गाव वर उचलणे.

भिंत १९०२ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९०४ च्या जुलैत पुरी झाली. काँक्रीटची, सतरा फूट उंच, पायाशी सोळा फूट रुंद, तीन मैलांहून लांब. समुद्राकडची बाजू आतून वळविलेली, म्हणजे लाट आदळली की वर फेकली जाऊन मागे पडावी. दुसरे काम त्याहून नवलाचे. घरे, देवळे, दुकाने मिळून दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून वर उचलण्यात आल्या. पाणी, गॅस ह्यांचे नळ आणि ट्रामचे रूळही उचलले. मग गावातून कालवा खणून त्यातून गाळ उपसणाऱ्या बोटी आणल्या आणि पाण्यात कालवलेली वाळू नळांनी घरांच्या खाली सोडली. पाणी निघून जाई, वाळू राही. सेंट पॅट्रिक नावाचे तीन हजार टन वजनाचे चर्च सातशे जॅकांवर पाच फूट उचलले गेले, हे वाचून मी थक्क झाले. १९०३ पासून १९११ पर्यंत हे काम चालले होते.

ह्या आठ वर्षांत बायकांनी संसार कसा केला असेल, ह्याचा विचार कोणी इतिहासकार फारसा करीत नाही. आपल्या मनात मात्र तोच आधी येतो. घर उचलावयाचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. रस्त्यांच्या जागी चिखल, आणि चालावयास जमिनीपासून आठ-दहा फूट उंचीवर फळ्यांच्या वाटा. त्या पायघोळ झग्यांच्या काळात कडेवर मूल आणि हातात बाजाराची टोपली घेऊन बायका त्या फळ्यांवरून जात. अंगणात होते नव्हते ते झाड त्या खाऱ्या वाळूखाली गाडले गेले. आठ वर्षांनी गाव सुरक्षित झाले खरे, पण ते उघडेबोडके झाले होते.

तेव्हा तेच स्त्री-मंडळ पुढे सरसावले. त्यांनी रोपवाटिका काढली. खाऱ्या वाऱ्यात काय जगेल ह्याचा विचार करून ओकची, ताडाची झाडे आणि अर्थात कण्हेर ह्यांची रोपे वाढविली व माफक किंमतीत लोकांना दिली. पैसा हवा म्हणून घोड्यांचे प्रदर्शन भरविले, त्याची तिकिटे विकली. आपण सहलीची विकतो तशीच! हजारो झाडे लागली. मग त्यांचे लक्ष दुधाकडे गेले. गावात येणारे दूध घाण असते, त्याने लेकरे आजारी पडतात. त्यांनी गोठे, बेकऱ्या, किराणा दुकाने आणि खानावळी ह्यांची तपासणी व्हावी म्हणून नगरपालिकेचा पिच्छा पुरविला आणि तसे नियम करवून घेतले. लक्षात घ्या, ह्या बायकांना त्या वेळी मताचा अधिकारही नव्हता. कोणी त्यांना निवडून दिले नव्हते आणि त्या कोणाला पाडूही शकत नव्हत्या. म्हणूनच की काय, १९१२ साली ह्याच गावात स्त्रियांच्या मताधिकारासाठी संस्था निघाली, आणि तिच्या अध्यक्षा मिनी फिशर कनिंगहॅम पुढे साऱ्या टेक्सासच्या चळवळीच्या पुढारी झाल्या. दुधापासून निघालेली वाट मतपेटीपर्यंत गेली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या मंडळात कृष्णवर्णी स्त्रियांना प्रवेश नव्हता. ज्या गावात गुलामांच्या मुक्तीचा हुकूम निघाला, जेथे वादळाने गोऱ्या-काळ्यात भेद केला नाही, तेथे झाडे लावणाऱ्या मंडळाने तो केला. गोऱ्या घरांतील मुले ज्यांनी सांभाळली, कपडे ज्यांनी धुतले, त्या बाया मंडळाच्या दाराबाहेर राहिल्या. हे वाचून मी मनात म्हटले, काय ही माणसे! आणि लगेच आपल्या मंडळाची सभासदांची वही डोळ्यांपुढे आली. आपल्या घरी पोळ्या करावयास, धुणेभांडी करावयास येणाऱ्या किती बायका आपल्या सभासद आहेत? एकही नाही. कोणी मनाई केलेली नाही, हे खरे. पण या असेही कोणी म्हटलेले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९११ साली भिंतीसमोर गाल्वेझ हॉटेल उघडले आणि सुट्टीची माणसे पुन्हा येऊ लागली. १९१५ च्या ऑगस्टात तसेच भयंकर वादळ आले. भिंत टिकली आणि शहरात १९०० च्या मानाने फार थोडी माणसे गेली. पण १९१४ मध्येच ह्यूस्टनचा खोल कालवा खुला झाला होता, मोठी जहाजे थेट तिकडे जाऊ लागली, आणि बंदराचा तो जुना थाट संपला. मग गावाने मौजेवरच पोट भरावयाचे ठरविले. सौंदर्यस्पर्धा, नाचघरे, दारूबंदीच्या काळातली चोरटी दारू आणि उघड जुगार. मासिओ बंधू ह्या धंद्याचे धनी. त्यांचा एक क्लब समुद्रात लांब गेलेल्या धक्क्याच्या टोकाशी होता, म्हणजे पोलीस येईपर्यंत जुगाराचे सामान लपविता येई. १९५७ साली सरकारने छापे घालून हा कारभार बंद केला. गाव ओस पडू लागले. परंतु त्या ओसाडीमुळेच जुन्या इमारती पाडून नव्या बांधावयास कोणी आले नाही, आणि १९७० नंतर जाणत्या लोकांनी त्या दुरुस्त केल्या. आज लोक समुद्राइतकेच त्या इमारतींसाठीही तेथे जातात.

आणि १३ सप्टेंबर २००८ रोजी आइक नावाचे वादळ आले. ह्या वेळी पाणी भिंतीवरून आले नाही, मागच्या खाडीकडून आले आणि खारे पाणी गावात साचून राहिले. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार झाडे वाळून गेली. आरोग्यरक्षक मंडळाच्या बायकांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत तीन पिढ्या वाढल्या होत्या, तीही त्यांत गेली. गावकऱ्यांनी काय करावे? मेलेल्या कित्येक ओकांचे बुंधे त्यांनी तोडले नाहीत. कारागिरांकडून त्यांत मासे, पक्षी, देवदूत कोरून घेतले आणि ते आपापल्या अंगणांत उभे ठेवले. त्याचबरोबर नवी रोपे लावावयास सुरुवात केली. मी पाहिली ती झाडे अजून लहान आहेत. आता मागच्या बाजूनेही पाणी येऊ नये म्हणून खाडीच्या मुखाशी प्रचंड दरवाजे बांधण्याची योजना असून, २०२२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तिला मंजुरी दिली आहे.

भिंतीवर १९०० च्या मृतांचे एक ब्राँझचे स्मारक आहे. एका पुरुषाने एका हाताने बायकोला व तिच्या कुशीतील मुलाला जवळ धरले आहे, दुसरा हात आभाळाकडे उंचावला आहे. खाली वाळूत मुले खेळत होती, आइस्क्रीमची गाडी घंटा वाजवीत होती. मौजेचे गाव आहे, त्याने मौज करावी. पण ज्या जमिनीवर ती मुले नाचत होती, ती जमीन माणसांनी नळाने भरलेली आहे आणि ती सावली कोणी तरी बाईने लावलेली आहे.

परत आल्यावर मी मंडळाची जुनी वहीखाती काढून बसले. आपण अगदीच काही केले नाही, असे नाही. २००५ च्या पुरानंतर आठ दिवस आपण गल्लीत पिठलेभाकरी पुरविली होती. त्याची एका ओळीची नोंद आहे, आणि पुढच्याच पानावर सहलीचा जमाखर्च. तेथे आपण थांबलो. पाणी का तुंबले, नाला कोणी बुजविला, हे विचारावयास आपण गेलो नाही. क्लाइनसाहेबांसारखे आपणही म्हटले की, असे पुन्हा व्हावयाचे नाही.

हळदीकुंकू बंद करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. बायका एकत्र येतात ती गोडी तेथेच लागते. पण ज्या बायका तिकिटे विकू शकतात, हिशेब ठेवू शकतात, दोनशे माणसांचा मसालेभात करू शकतात, त्या नाल्याच्या सफाईचा पिच्छाही पुरवू शकतात. म्हणून त्या तरुण भगिनीच्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, मी असे उत्तर देते. येत्या पावसाळ्यापूर्वी मंडळाने दोन गोष्टी कराव्यात. नाल्याच्या कडेने झाडे लावावीत, ती जगेपर्यंत पाणी घालण्याच्या पाळ्या लावाव्यात आणि नाला साफ होईपर्यंत नगरपालिकेस दरमहा पत्र पाठवावे. दुसरे, आपल्या घरी कामास येणाऱ्या बायकांना सभासद करून घ्यावे, आणि नाल्याच्या कामात त्यांचे आधी ऐकावे, कारण पाणी पहिल्याने त्यांच्याच घरांत शिरते.

कण्हेरीची रोपे माझ्या अंगणातून देण्यास मी तयार आहे. ती विषारी असते, तेव्हा गुरे तोंड लावीत नाहीत. लहान मुलांपासून मात्र जपावे. सभेच्या नियमाप्रमाणे हा ठराव मी मांडला आहे. अनुमोदन कोणी तरी द्यावे.